पगारानंतर

माझ्याकडे गाडी एकही नाही.
हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे निराशा नको.
आहेत ती गाड्यांची पुस्तकं,
खेळण्यांच्या दुकानदारांसाठी छापलेल्या याद्या, घाऊक दराच्या,
गंजून पानाला चिकटलेल्या पिना,
आणि मधोमध, दोन रंगांत,
कारखान्याच्या चित्रकारानं कधीच न पाहिलेला एक डोंगर.

भुसावळच्या मे महिन्यात कागदाचा पापड होतो.
दुपारी पान उलटायचं नाही, हा नियम.
पहाटे चारला हवेत थोडा ओलावा असतो
तेव्हा कडुनिंबाचा वाळका पाला झटकून
एकेक उघडतो.
बाहेर यार्डात शंटिंग चालू,
डब्यावर डबा आदळत जातो वरणगावच्या बाजूला,
आणि माझ्या मांडीवर
क्रमांक सात, चावीची, तीन डबे, पत्र्याचा बोगदा,
साडेअठरा रुपये,
जागची हलत नाही.

वैजयंता म्हणते, "रद्दीले चौदाचा भाव लागून राह्यला."

सैफुद्दीनभाईंचं दुकान मोडलं तेव्हा
(तिथं आता मोबाइल विकतात)
नातवानं आत बोलावलं,
"काका, हवं ते उचला, सोमवारी सुतार येतोय."
मी उचलला
दिवाळीच्या खिडकीतला पुठ्ठ्याचा गार्ड, गुडघ्याइतका,
ज्याचा झेंडीचा हात एका खिळ्यावर हलायचा.
'काचेला हात लावू नये' ही पाटी,
मुलांच्या ओठांच्या उंचीवर नेमकी पुसट झालेली.
आणि सुतळीनं बांधलेला याद्यांचा गठ्ठा,
ज्याच्या खाली झुरळांची तीन पिढ्यांची वस्ती होती.

त्यात एकसष्ट सालची यादी. पान नऊ.
क्रमांक सातच्या शेजारी, पेन्सिलीनं,
सैफुद्दीनभाईंच्या तिरप्या अक्षरात :
डी. फेगडे, लोको. पगारानंतर.

माझे वडील दोधू फेगडे, लोको शेडमध्ये फिटर.
पण लोकोत तेव्हा फेगडे अकरा होते.
डी. म्हणजे दामू असेल, डिगंबर असेल.
विचारायला त्या वेळचे दोघंच उरलेत.
एकाला ऐकू येत नाही.
दुसरा हसला, "दोधू? तो तं म्हने,
खरी गाडी दारातून जाते, खोटी कशाले पाह्यजे?"
हे मला माहीत होतं.
हे मलाच म्हटलेलं होतं,
काचेपासून दंड धरून ओढत नेताना.
दंडावर ग्रीसची चार बोटं उठली होती,
आईनं ती रॉकेलनं पुसली.

गेल्या एप्रिलात पुण्याहून एक संग्राहक आले, परचुरे नावाचे.
त्यांनी पंखा बंद करायला लावला
आणि त्रेचाळीस अंशांत पांढरे हातमोजे चढवले.
सावकाश माणूस. जाणकार.
कुठली यादी कुठल्या छापखान्यातली, ते वासावरून सांगत होते.
पान नऊवर थांबले.
ही खूण नसती तर दुप्पट दिले असते, म्हणाले.
पेन्सिल हलकी आहे, निघेल.
खोडरबर आहे का घरात?

घरात दोन नातवंडं, चार कंपासपेट्या.
मी म्हटलं, नाही.

मग त्यांना शेवभाजी खाऊ घातली, तिखटानं नाक पुसत राहिले बिचारे.
बाकीच्यातल्या दोन याद्या दिल्या, रास्त भावात,
आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून आलो.
त्यांनी खिडकीतून हात केला तेव्हा
हातमोजे घातलेलेच होते.

पगार तेव्हा सात तारखेला व्हायचा.
कुठल्या महिन्याची सात, ते यादीत नाही.

गार्ड सध्या कपाटावर उभा असतो.
खिळा ढिला झालाय.
यार्डात धडक जरा जोराची बसली
की त्याचा हात आपोआप हलतो, दोनदा, कधी तीनदा.
झेंडीचा रंग उडून वाळक्या मेथीसारखा झालाय,
मी तिला हिरवीच म्हणतो.
वैजयंता म्हणते, तेवढा खिळा घट्ट करून घ्या.
बघू, म्हणतो.